सोबतीचे शरीरशास्त्र

रक्तदाब, मधुमेह, वजन आणि तंबाखूचे व्यसन यांची विचारपूस डॉक्टर प्रत्येक रुग्णाकडे करतात. त्याला मित्र आहेत की नाहीत आणि असल्यास त्यांची भेट कितीदा होते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. मैत्री हा मनाचा विषय आणि आरोग्य हा देहाचा, अशी ढोबळ वाटणी या मौनामागे आहे. गेल्या अर्धशतकातील संशोधनाने ही वाटणी चुकीची ठरवली असून, माणसाच्या आयुर्मानाचा अंदाज बांधताना त्याच्या सोबतीचा हिशेब वगळणे आता शास्त्राला परवडणारे नाही.

या संशोधनाचा पाया कॅलिफोर्नियातील अलमीडा परगण्यात घातला गेला. तेथील ६,९२८ प्रौढांची १९६५ साली तपशीलवार पाहणी झाली होती, आणि पुढील नऊ वर्षांत त्यांपैकी कोण दगावले याचा मागोवा घेऊन लिसा बर्कमन व लिओनार्ड साइम यांनी १९७९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वैवाहिक जोडीदार, मित्र व नातलग, धार्मिक समूह आणि इतर संघटना अशा चार प्रकारच्या संबंधांची त्यांनी नोंद घेतली होती. ज्यांचे असे संबंध सर्वांत कमी होते त्या पुरुषांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक संबंध असलेल्यांच्या २.३ पट, तर स्त्रियांमध्ये २.८ पट आढळले. धूम्रपान, मद्यपान, व्यायाम आणि पाहणीच्या वेळची प्रकृती हे सर्व हिशेबात धरूनही फरक टिकून राहिला. पुढे २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुन्स्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातील १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा भक्कम सामाजिक संबंध असलेल्यांची अभ्यासाच्या कालावधीत जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक दिसली.

अशा निष्कर्षांवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. प्रकृतीने खंगलेला माणूस घराबाहेर पडत नाही, त्यामुळे त्याचे मित्र कमी होतात. म्हणजे एकटेपणातून आजार नव्हे, तर आजारातून एकटेपणा येत असावा. ही शंका केवळ पाहण्यांनी फिटणारी नव्हती, त्यासाठी प्रयोग हवा होता, आणि तो शेल्डन कोहेन यांनी पिट्सबर्गमध्ये केला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात १८ ते ५५ वयाच्या २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घालून त्यांना काही दिवस विलग ठेवण्यात आले. विषाणू सर्वांना सारखाच मिळाला होता, पण सर्दी सर्वांना झाली नाही. जोडीदार, आई-वडील, मित्र, शेजारी, सहकारी अशा १२ प्रकारच्या संबंधांपैकी सहा किंवा अधिक प्रकारचे संबंध राखणाऱ्यांच्या तुलनेत, तीन किंवा त्याहून कमी प्रकारचे संबंध असलेल्यांना सर्दी होण्याचा धोका ४.२ पट निघाला. येथे महत्त्व माणसांच्या संख्येपेक्षा संबंधांच्या विविधतेला होते, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

सोबतीचा परिणाम पेशींपर्यंत पोहोचतो कसा, याचे उत्तर शरीराच्या संकटप्रतिसादात सापडते. धोका जाणवताच कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन ही संप्रेरके, म्हणजे ग्रंथींनी रक्तात सोडलेली संदेशवाहक रसायने, हृदयाची गती व रक्तातील साखर वाढवतात. हा प्रतिसाद अल्पकाळ उपकारक असला तरी तो वर्षानुवर्षे चालू राहिल्यास रक्तवाहिन्यांची हानी होते आणि दाह, म्हणजे जखम वा संसर्ग यांविरुद्ध शरीर पेटवते ती प्रतिक्रिया, विनाकारण धुमसत राहते. समूहात जगण्यासाठी घडलेल्या प्राण्याला एकाकीपण हाच एक धोका वाटतो. स्टीव्ह कोल यांनी २००७ मध्ये केलेल्या एका लहान अभ्यासात दीर्घकाळ एकटे वाटणाऱ्या व्यक्तींच्या पांढऱ्या पेशींमध्ये दाहाशी संबंधित जनुके अधिक, तर विषाणूंशी लढणारी जनुके कमी सक्रिय आढळली. कोहेन यांच्या प्रयोगाशी हे चित्र चांगले जुळते. दुसऱ्या बाजूला, ऑक्सफर्डचे मानवशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मते एकत्र हसणे, गाणे व नाचणे यांमुळे मेंदूत एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये स्रवतात. मेंदूतील द्रव्य थेट मोजणे कठीण असल्याने त्यांनी वेदना सोसण्याची क्षमता मोजली, आणि सर्वांसोबत खळखळून हसल्यानंतर ती वाढलेली दिसली. मुंबईच्या एका उद्यानात १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन सुरू केलेला हास्यक्लब या मोजणीच्याही आधीचा आहे. त्याच्या प्रसारामागे हास्याइतकाच रोजच्या ठरलेल्या भेटीचाही वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे.

तरीही माणसांवर प्रयोग करण्याला मर्यादा आहेत, कारण औषधाच्या गोळीप्रमाणे काहींना मित्र द्यावेत आणि काहींना देऊ नयेत, असे करता येत नाही. म्हणूनच प्राण्यांचे दीर्घ निरीक्षण मोलाचे ठरते. केनियातील अंबोसेली येथील बबून माकडांमध्ये ज्या माद्या इतरांशी घट्ट जोडलेल्या होत्या त्यांची पिले पहिले वर्ष पार करण्याची शक्यता अधिक होती, आणि आईच्या कळपातील दर्जाने हा फरक उलगडत नव्हता, असे जोन सिल्क यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले. याहून विलक्षण कथा प्वेर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो या चिमुकल्या बेटाची आहे. तेथील मकाक माकडे भारतीय वंशाची असून, १९३८ मध्ये क्लॅरेन्स कार्पेंटर यांनी भारतातून बोटीने नेलेल्या सुमारे ४०० माकडांची ती प्रजा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने बेटावरील बहुतांश झाडोरा नष्ट केला आणि रणरणत्या उन्हात सावलीचे तुकडेच तेवढे उरले. सावली दुर्मीळ झाल्यावर मारामाऱ्या वाढतील अशी अपेक्षा होती. घडले ते उलट. माकडे परस्परांना अधिक सहन करू लागली, त्यांनी नवे संबंध जोडले, आणि वादळापूर्वी एकटी राहणारीच यात आघाडीवर होती. पुढील वर्षांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये असे स्पष्ट झाले की इतरांशेजारी निमूट बसू शकणारी माकडे अधिक जगली. सोबतीचा लाभ येथे प्रेमभावनेत नव्हे, तर अंगावर पडणाऱ्या सावलीत मोजला गेला.

मराठी वाचकाला अस्वस्थ करील असा निष्कर्ष मात्र ऑस्ट्रेलियातील ॲडलेडचा आहे. सत्तरीपुढील १,४७७ जणांचा दहा वर्षे मागोवा घेतल्यावर मित्रांचे जाळे चांगले असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. मुलांशी व नातलगांशी असलेल्या संपर्काचा तसा परिणाम दिसला नाही. यावरून कुटुंब निरुपयोगी ठरत नाही, आणि एका देशातील पाहणी जशीच्या तशी दुसरीकडे लागू होत नाही. परंतु नातलग जन्माने मिळतात व कर्तव्याने बांधलेले असतात, तर मित्र निवडलेला असतो आणि तोही आपल्याला निवडतो; बरोबरीच्या या नात्यात उपकाराचे ओझे कमी असते. ताण देणारी मैत्री उपयोगाची नाही, हेही येथे सांगितले पाहिजे: ज्यांच्याविषयी जिव्हाळा आणि त्रास दोन्ही वाटतात अशा माणसांशी बोलताना रक्तदाब वाढतो, असे होल्ट-लुन्स्टाड यांनी दिवसभर अंगावर यंत्र बाळगणाऱ्या लोकांच्या मोजणीतून दाखवले आहे.

महाराष्ट्रात उतारवयाची चर्चा बहुधा मुलगा, सून आणि औषधपाणी यांभोवती फिरते. गावातील वा जुन्या चाळीतील आई-वडिलांना पुण्या-मुंबईच्या उंच इमारतीत किंवा परदेशातल्या घरी नेले की त्यांची सोय झाली, असे मानले जाते. त्यात चाळीस-पन्नास वर्षांचा मित्रपरिवार तुटतो, याची मोजदाद होत नाही. विवाहानंतर सासरी जाणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर ही तूट तरुणपणीच घडते आणि ती स्वाभाविक समजली जाते. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला आलेल्या अमेरिकी प्रौढांचा व विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये असा अंदाज मांडला की ओळखीच्या माणसाशी साधी मैत्री होण्यास सुमारे ५० तास, तर जिवलग मैत्री होण्यास २०० हून अधिक तासांचा सहवास लागतो, आणि केवळ कामानिमित्त एकत्र घालवलेले तास त्यात फारसे भर घालत नाहीत. हे तास मिळण्यासाठी सक्तीच्या कामातून मोकळीक लागते आणि पायी पोहोचता येईल अशी, पैसे न देता बसता येईल अशी जागा लागते. ज्येष्ठ नागरिक संघाची खोली, उद्यानातील बाक, महिला मंडळाची ठरलेली दुपार, वाचनालयाचा वर्तमानपत्र-कक्ष या सोयी नगरपालिकांच्या अंदाजपत्रकात मनोरंजनाच्या रकान्यात पडतात. उपलब्ध पुरावा पाहता त्यांची जागा आरोग्याच्या रकान्यात आहे.