झाडीतले चार गॉब्लिन

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे घडवून खेळायच्या खेळाच्या २०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये वाटेवर दोन घोडे मरून पडलेले असतात आणि झाडीत चार गॉब्लिन दबा धरून बसलेले. एरवी किरकोळ वाटणारे हे शत्रू नवख्या गटाला लोळवू शकतात. २०१४ च्या नियमांत गाफील सापडलेल्या पात्राची पहिली पाळी वायाच जायची: ना हालचाल, ना वार. शिवाय लपून सोडलेल्या बाणासाठी दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. म्हणूनच अख्खा गट गाफील असेल, तर चकमक एक पायरी अवघड धरावी, असे खेळ चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकात सांगितले होते. २०२४ च्या नियमांत पाळी जात नाही. फक्त क्रम ठरवताना दोन फाशांतला लहान आकडा घ्यावा लागतो. मला हा बदल मनापासून पटतो. हौसेने घडवलेले पात्र एकही वार न करता गमावणे नवख्याच्या फार जिव्हारी लागते.