संगणकीय संग्रहाचे जतन : क्लोन आणि इमेज

बोलींच्या अभ्यासात ध्वनिमुद्रणे ही मूळ साधनसामग्री होय. निवेदक वृद्ध असल्यास तेच कथन पुन्हा मिळेलच असे नाही. ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या प्रमाणाने केलेले एका तासाचे स्टिरिओ मुद्रण सुमारे १ गिगाबाइट जागा व्यापते. म्हणजे अनेक वर्षांचे क्षेत्रकार्य एका हार्ड डिस्कमध्ये सामावते आणि तिच्याबरोबर नष्टही होऊ शकते. तिची प्रत ठेवावी याविषयी दुमत नाही. परंतु ती कोणत्या पद्धतीने ठेवावी, याचा विचार क्वचितच केला जातो.

या पद्धती मुख्यतः दोन आहेत : क्लोनिंग आणि इमेजिंग. ‘क्लोन’ ही संज्ञा डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आली असून १९०३ मध्ये हर्बर्ट वेबर या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती वनस्पतिशास्त्रात रूढ केली. कलमाचे झाड जसे स्वतंत्रपणे वाढते, तद्वत क्लोन केलेली डिस्क मूळ डिस्कच्या जागी बसविताच संगणक चालू होतो. इमेज ही मात्र डिस्क नव्हे. मूळ डिस्कमधील सर्व आशय त्याच्या रचनेसह साठविणारी ती एक फाइल असते. संगणक बंद पडल्यास ती प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवावी लागते, आणि त्यासाठी संगणक सुरू करून देणारा पेनड्राइव्ह आधीच तयार असावा लागतो. अर्थात क्लोनमुळे वेळ वाचतो, हे उघड आहे.

तथापि डिस्क बिघडणे हा एकमेव धोका नव्हे. एखादे मुद्रण सोमवारी चुकून पुसले गेले आणि मंगळवारी त्याच डिस्कवर नवा क्लोन केला, तर ती चूक प्रतीतही उतरते व जुनी प्रत नाहीशी होते. नकलकाराचा प्रमाद दुरुस्त करण्यास पाठचिकित्सकाला अधिक जुनी पोथी लागते. येथेही तसेच आहे. ही सोय इमेजमध्ये आहे. १ टेराबाइटच्या डिस्कवर ३०० गिगाबाइट आशय असेल, तर क्लोनसाठी एक संपूर्ण डिस्क गुंतते. इमेज सामान्यतः व्यापलेल्या भागाचीच घेतली जात असल्याने तेवढ्याच जागेत तीन निरनिराळ्या तारखांच्या प्रती राहू शकतात. पुढे केवळ बदललेला भाग नोंदविणाऱ्या लहान इमेजही घेता येतात. मात्र अशा साखळीतील एक दुवा खराब झाल्यास त्यानंतरचे दुवे निरुपयोगी ठरतात. यास्तव ठराविक काळाने पूर्ण इमेज नव्याने घेणे अवश्य आहे.

सारांश, जो संगणक तासभरही बंद राहून चालणार नाही, त्याच्यासाठी क्लोन योग्य. जुन्या डिस्कवरील सर्व काही नव्या डिस्कवर नेण्यासही तोच सोयीचा. संशोधनसामग्रीसाठी निरनिराळ्या तारखांच्या इमेज श्रेयस्कर. त्यांतील एक अन्य इमारतीत असावी. प्रत कोणतीही असो, काम होताच ती डिस्क संगणकापासून वेगळी करावी. अन्यथा खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारे घातक प्रोग्राम तिलाही ग्रासतात. शेवटी, वर्षातून एकदा तरी इमेज रिकाम्या डिस्कवर उतरवून त्यातील काही मुद्रणे प्रत्यक्ष ऐकावीत. ही परीक्षा झाल्यावाचून संग्रह सुरक्षित आहे असे मानणे धाडसाचे होय.