पगारवाढीचा करार आणि हातात आलेली थकबाकी

एकटा कर्मचारी पगारवाढ मागायला गेला, तर बहुधा ‘बघू’ एवढेच ऐकून परततो. सगळ्यांच्या वतीने संघटना बोलायला बसते तेव्हा आकडा कागदावर येतो. यालाच सामूहिक वाटाघाटी म्हणतात.

आमच्याच क्षेत्राचे उदाहरण घ्या. बहुतेक बँकांतील लिपिक व शिपायांचे पगार १९६६ पासून द्विपक्षीय करारांनी ठरतात. एका बाजूला इंडियन बँक्स असोसिएशन, दुसऱ्या बाजूला संघटना. बारावा करार ८ मार्च २०२४ रोजी झाला, पण लागू १ नोव्हेंबर २०२२ पासून. वाढ १७ टक्के. मात्र ती एकूण वेतनखर्चावर, प्रत्येकाच्या पगारात नेमकी तेवढीच असे नव्हे. संघटनेचा सभासद नसलेल्यालाही तीच वेतनश्रेणी मिळते. (वर्गणी चुकवणारे हे सोयीस्कर विसरतात!) शाखेतल्या सफाईच्या मावशी मात्र या करारात कुठेच नाहीत. त्या कंत्राटदाराकडे. त्यांच्या बाजूने किमान वेतनाचा दर तेवढा आहे, आणि तो पुरता मिळतो का, हे त्यांनी पगारपावतीवर दर महिन्याला पाहावे.

करार मागील तारखेपासून लागू झाला की थकबाकी एकरकमी खात्यात येते. हा बोनस नव्हे, तुमचाच अडकलेला पगार आहे. आधी त्यातून क्रेडिट कार्डाची बाकी फेडा, ठेवीचा विचार नंतर. मागच्या वर्षांचा पगार एकाच वर्षी मिळाल्याने कर वाढला असेल, तर सवलत मागता येते. तिचा अर्ज विवरणपत्र भरण्याआधी ऑनलाइन भरावा लागतो.