थट्टेचे शब्द, शब्दांचे काटे

इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारी मुले आज घरोघरी काही शब्द सहज उच्चारतात. धाकट्या भावाला त्याच्या बोबडेपणावरून रडवले, आजोबांच्या इंग्रजीची नक्कल केली आणि वडीलधाऱ्यांनी डोळे वटारले, की उत्तर तयार असते : ‘जस्ट किडिंग!’ म्हणजे गंमत केली, मनावर घेऊ नका. परक्या भाषेतील शब्दाचे वजन चटकन जाणवत नाही. मराठीत जे बोलताना जीभ अडखळली असती, ते इंग्रजीत बिनदिक्कत बोलले जाते. म्हणूनच या शब्दांचे अर्थ आणि त्यांचे मूळ पालकांनी एकदा पाहून घेणे अगत्याचे आहे.

‘टीझ’ हा शब्द कापडाच्या व्यापाऱ्यांना तर जवळचाच वाटावा. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ होता लोकर पिंजणे, तिचे तंतू ओढून मोकळे करणे. याच कुळातील ‘टीझल’ ही एक काटेरी वनस्पती आहे. तिची वाळलेली बोंडे लोकरी कापडावर घासून त्याची लव उभी केली जाई. पुढे माणसाला बारीक टोचण्या देऊन सतावणे, असा अर्थ या क्रियापदाला आला. काटा हलक्या हाताने फिरला तर कापड मऊ होते आणि दाबून फिरला तर वीण उसवते. थट्टेचेही तसेच आहे.

इतर शब्दांची मुळे याहून कठोर आहेत. ‘सार्काझम’ म्हणजे उपरोध. त्यामागील ग्रीक क्रियापदाचा अर्थ मांस फाडणे असा आहे. ‘रिडिक्यूल’ हा शब्द लॅटिनमधील ‘हसणे’ या धातूपासून आला; पण त्याचा आजचा अर्थ हसून एखाद्याला तुच्छ ठरवणे, उपहास करणे असा आहे. ‘रोस्ट’ म्हणजे भाजणे. चारचौघांत एखाद्याची यथेच्छ टर उडवण्याला आता तरुण मंडळी हेच नाव देतात. ‘ट्रोल’ या शब्दाचा संबंध मासेमारीतील एका रीतीशी जोडला जातो. चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ ओढत न्यावा, तसे डिवचणारे शब्द टाकायचे आणि कोण चिडतो याची वाट पाहायची. पिंजणे, फाडणे, भाजणे, गळाला लावणे! अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या कुटुंबाला या क्रियांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

सर्वच शब्द असे नाहीत. ‘बँटर’ म्हणजे बरोबरीच्या स्नेह्यांमधील खेळीमेळीची थट्टा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळू लागलेल्या या शब्दावर जोनाथन स्विफ्ट या प्रसिद्ध लेखकाची मात्र खप्पा मर्जी होती. या थट्टेत देणे आणि घेणे दोन्ही असते; एकच जण सतत घेत राहिला, तर तिला हे नाव शोभत नाही. ‘पुल समवन्स लेग’ हा वाक्प्रचारही सौम्य आहे. त्याचे शब्दशः भाषांतर केले तर घोटाळा होतो; कारण मराठीत पाय ओढणे म्हणजे वर जाणाऱ्याला खाली खेचणे. इंग्रजीतील भाव ‘फिरकी घेणे’ या प्रयोगात नेमका उतरतो.

इंग्रजीने सौम्य आणि कठोर थट्टेतील सीमा एका लहानशा शब्दाने दाखवली आहे. ‘लाफ विथ’ म्हणजे एखाद्याबरोबर हसणे आणि ‘लाफ ॲट’ म्हणजे एखाद्याला हसणे. ज्याच्यावरून हशा पिकला तो स्वतः हसत आहे काय, एवढे पाहिले तरी ही सीमा ओळखता येते.

सौम्य नाव दिले म्हणून कृत्य सौम्य होत नाही, याची साक्ष भारतातच मिळते. मुलींच्या छेडछाडीला येथील इंग्रजीत दीर्घकाळ ‘इव्ह टीझिंग’ म्हटले गेले. त्या हलक्याफुलक्या शब्दाआड अपराध झाकला जाई. 2013 च्या कायदादुरुस्तीने लैंगिक छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. ‘रॅगिंग’ही ‘गंमत’ म्हणूनच खपवले जात होते. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंगविरोधी कायद्याने विद्यार्थ्याला चिडवणे आणि त्याची शारीरिक वा मानसिक इजा करणारी चेष्टा करणे यांचाही त्यात समावेश केला आणि दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली.

जैन आचार्यांनी हा विचार फार पूर्वी आणि फार बारकाईने केला आहे. नऊ नोकषायांत ‘हास्य’ पहिले गणले आहे. सत्यव्रताच्या पाच भावनांमध्ये क्रोध, लोभ आणि भय यांच्याबरोबर हास्याचाही त्याग सांगितला आहे. कारण थट्टेच्या भरात माणूस नकळत असत्य बोलून जातो. तत्त्वार्थसूत्रात अनर्थदंडविरती व्रताचे जे अतिचार दिले आहेत, त्यांत पहिले तीन याच विषयाचे आहेत : कंदर्प म्हणजे हास्यमिश्रित असभ्य बोलणे, कौत्कुच्य म्हणजे त्याला विकृत हावभावांची जोड देणे आणि मौखर्य म्हणजे निरर्थक बडबड. आजोबांची नक्कल करणाऱ्या नातवाला हे तिन्ही शब्द समजावून सांगण्यासारखे आहेत.

अनर्थदंड ही कल्पना व्यापाऱ्याला विशेष पटावी. प्रयोजनाशिवाय केलेली हिंसा म्हणजे अनर्थदंड. ज्यात कुणाचाच नफा नाही, असा तोट्याचा व्यवहार. दुकानातील नोकराला त्याच्या रंगावरून मारलेली हाक, नव्या सुनेच्या माहेरावरून पंगतीत काढलेला चिमटा, परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला पाहुण्यांसमोर दिलेले टोपणनाव, या सर्वांची नोंद तोट्याच्याच बाजूला होते. बोलणारा क्षणात विसरतो. ऐकणाऱ्याच्या खात्यावर ती रक्कम वर्षानुवर्षे राहते.

घरात हसू असावेच. मुलांच्या जिभेवर इंग्रजी शब्द येणारच. त्यांना ते बोलू नका असे सांगण्यापेक्षा त्या शब्दांतील काटा दाखवून द्यावा. आणि संवत्सरीला सर्वांशी हात जोडून ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणताना, वर्षभरात ज्याला ‘गंमत’ म्हणून दुखावले, त्याच्यापाशी घटकाभर अधिक थांबावे.