हाडाचं ऑपरेशन झालं, अंघोळ कधी करायची?

फ्रॅक्चरच्या ऑपरेशननंतर डॉक्टर बजावतात, "टाके भिजवू नका." घरी त्याचा अर्थ 'अंघोळ बंद' असा घेतला जातो आणि पेशंट दोन-दोन आठवडे घामात पडून राहतो. याची काहीही गरज नसते. कोरडी ठेवायची असते ती जखम. बाकीचं अंग रोज पुसून घेता येतं, आणि डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली की धुताही येतं.

टाके निघेपर्यंत

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. मधुमेह असेल तर जास्त दिवस लागू शकतात. तोवर ड्रेसिंगवर प्लास्टिकची पिशवी चढवून वरचं तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि तो हात किंवा पाय पाण्याच्या धारेबाहेर ठेवा. एवढं करूनही ड्रेसिंग भिजलंच, तर त्याच दिवशी बदलून घ्या.

प्लास्टर किंवा बाहेरून सळ्या असतील तर

साधं प्लास्टर भिजलं की मऊ पडतं. फायबरचं वरून टिकतं, पण आतला कापूस ओला राहतो आणि कातडी खराब होते. सळ्या बाहेर असतील तर सर्जन सांगतील तेच करा.

टाके काढल्यावर

जखम पूर्ण कोरडी असेल तर बहुधा एक-दोन दिवसांत तिच्यावरून पाणी घ्यायला परवानगी मिळते. साबणाचं पाणी नुसतं वाहू द्या, चोळू नका, स्वच्छ पंचाने टिपून घ्या. हळद, तेल काही लावू नका. टब, तलाव, नदी यांत उतरायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

खरा धोका ओल्या फरशीचा

जखमेची काळजी सगळे घेतात, बाथरूमची कोणी घेत नाही. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजीला पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसवू नका. उंच, न घसरणारी खुर्ची द्या. बादलीही दुसऱ्या स्टुलावर ठेवा, म्हणजे तांब्या भरायला वाकावं लागणार नाही. खाली रबरी चटई हवी. कडकडीत पाणी नको, त्याने चक्कर येऊ शकते. पहिले काही दिवस कोणीतरी जवळ थांबा आणि आतून कडी लावू देऊ नका.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

जखमेतून पाणी किंवा पू येणं, लाली पसरणं, वास, ताप, वाढता ठणका: यातलं एक जरी दिसलं तरी पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.