पाठलागामागचं मन

‘दुर्लक्ष कर, थकेल आपोआप,’ अशी समजूत एक आई लेकीची घालत होती. मी अस्वस्थ झाले. असा माणूस बऱ्याचदा थकत नाही.

ऑस्ट्रेलियातील मनोविकारतज्ज्ञ पॉल मुलन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पाठलाग करणाऱ्या १४५ जणांचा अभ्यास मांडला. त्यात सर्वांत मोठा गट होता नाकारल्या गेलेल्यांचा. तुटलेलं नातं अशांना पाठलागातून टिकल्यासारखं वाटतं. ओढ आणि सूड एकाच वेळी मनात असतात. चाळिसाव्या फोनला रागानं दिलेलं उत्तरही त्यांना शिकवतं, की चाळीस फोन केले, की ती बोलते!

म्हणून नकार एकदाच, स्पष्ट द्यावा. मग उत्तर नाही. मात्र प्रत्येक संदेश, तारीख जपावी. स्त्रीचा असा पाठलाग भारतात २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. मुलीनं एकटीनं सोसायची ही गोष्ट नव्हे.