पेंग्विनांच्या वाटेत उभे राहू नये

वेतन आयोगाची थकबाकी हाती आली की प्राध्यापकाच्या घरात जे होते, तेच आमच्याही घरी झाले. सौभाग्यवतीने घराला रंग काढण्याचे मनाशी पक्के केले, आईला गच्चीची गळती आठवली, आणि मी मात्र एका रात्री जेवताना म्हणालो, ‘‘मी अंटार्क्टिकाला जाणार.’’

शाळेतल्या नकाशाच्या तळाशी जो पांढरा, बिनगावाचा पट्टा असे, त्याने माझी पाठ कधी सोडली नाही. ती गोष्ट घरात सर्वांना ठाऊक होती. म्हणून आई फक्त एवढेच म्हणाली, ‘‘तिथे समुद्रात उतरू नकोस.’’ सौभाग्यवती म्हणाली, ‘‘जा एकदाचे. नाही गेलात तर जन्मभर आम्हांलाच ऐकवाल.’’ उरली बारावीतली लेक. तिने शांतपणे विचारले, ‘‘बाबा, बर्फ वितळतोय म्हणून हळहळायला तुम्ही एवढे इंधन जाळत जाणार. तुम्ही गेल्याने त्या पेंग्विनांचे काय भले होणार?’’

मी विषय बदलला. वीस वर्षे वर्गात उभा राहिलेल्या माणसाला तेवढे जमते.

यंदाच्या फेब्रुवारीत अर्जित रजा टाकून निघालो. मुंबईहून ब्युनोस आयरिस, तिथून अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरचे उशुआइआ. बोटीवर आम्ही शंभराच्या आतबाहेर उतारू. बीगल खाडीतून बाहेर पडेपर्यंत सारे सुखाचे होते. मग आला ड्रेकचा सागर. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या या सुमारे आठशे किलोमीटरांच्या पट्ट्यात वाऱ्याला अडवायला जमीनच नाही. पुढचे दोन दिवस मी खाटेला धरून काढले. आईने बांधून दिलेले आवळासुपारीचे डबडे उशाशी होते, तेवढाच आधार!

१९८१ साली ६ डिसेंबरला गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली, डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली. १९८२ च्या ९ जानेवारीला ती मंडळी त्या बर्फावर उतरली. एक महिन्याहून अधिक काळ समुद्रावर! त्या आठवणीने मला माझ्या दोन दिवसांची लाज वाटली. आपले ‘मैत्री’ हे ठाणे मात्र मी जात होतो तिथे नव्हे, खंडाच्या अगदी दुसऱ्या अंगाला आहे.

किनाऱ्यावर पाय ठेवण्यापूर्वी आमची जी झडती झाली, ती कस्टमवाल्यांनीही घेतली नसती. कोटाचे खिसे उलटे करून, चेनच्या दातांतून चिमट्याने गवताचे बी काढून टाकायचे. प्रत्येक वेळी बूट जंतुनाशकात बुडवायचे. किनाऱ्यावर बसायचे नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवीसुद्धा खाली ठेवायची नाही. एका जागी एका वेळी शंभरांहून अधिक माणसे उतरवायची नाहीत, आणि प्राण्यांपासून निदान पाच मीटर दूर राहायचे. सोवळ्यात वाढलेल्या माझ्या आजीला हा प्रकार फार पसंत पडला असता.

पेंग्विन आधी दिसत नाहीत, नाकाला कळतात. ससून डॉकवर भर उन्हात उभे राहिल्याचा भास झाला. मग दिसले जेंटू. नारिंगी चोच, डोक्यावर पांढरी पट्टी. यांचे घरटे म्हणजे खड्यांचे आळे. आणि शेजाऱ्याचा खडा लांबवण्यात त्यांना कसलाही संकोच नाही. समुद्रापासून वसाहतीपर्यंत बर्फात त्यांच्या पायांनी चर पडलेले असतात. फोटोच्या नादात मी नेमका अशा एका चरात उभा राहिलो. समोरून एक जेंटू आला, थांबला, माझ्याकडे मान वाकडी करून पाहू लागला. मागून वाटाड्या मुलगी म्हणाली, ‘‘बाजूला व्हा, रस्ता त्याचा आहे.’’ मी झालो. तो निघून गेला. दुकानाच्या पायरीवर टेकलेल्याला मालकाने उठवावे, तसे वाटले.

तिनेच पुढे सांगितले की या द्वीपकल्पाच्या पश्चिम बाजूला ऊब वाढल्यापासून जेंटू दक्षिणेकडे पसरत चालले आहेत, आणि बर्फाच्या आधाराने जगणारे अदेली मात्र कमी होत आहेत. त्याचे एक मूळ क्रिलमध्ये आहे. क्रिल म्हणजे कोकणातल्या जवळ्याचाच थोरला भाऊ, फार तर सहा सेंटिमीटरांचा. त्याची पिल्ले हिवाळ्यात समुद्राच्या बर्फाखाली चिकटलेल्या शेवाळावर जगतात. बर्फ नाही तर शेवाळ नाही, शेवाळ नाही तर जवळा नाही. आणि पेंग्विन, सील, देवमासे हे सारे या एका जवळ्याच्या ताटावर बसलेले.

तिसऱ्या दिवशी डिसेप्शन बेटावर गेलो. हे बेट म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीचे तोंड. बोट थेट त्याच्या पोटात शिरते. काळ्या राखेच्या किनाऱ्यावर वाफा निघतात. तिथे गंजून लाल झालेल्या, घराएवढ्या लोखंडी टाक्या उभ्या आहेत. १९३१ पर्यंत इथे नॉर्वेच्या लोकांचा कारखाना होता. देवमाशांची हाडे उकळून तेल काढायचे. एका टाकीला हात लावावासा वाटला, लावला नाही.

चौथ्या दिवसाचा किनारा सर्वांत देखणा म्हणून सांगितला होता. रबरी होड्या पाण्यात सोडल्या, आम्ही कोट चढवून रांगेत उभे. आणि मोहीमप्रमुखाने दुर्बीण खाली घेतली. वाळूवर तीन स्कुआ पक्षी मरून पडले होते. पक्ष्यांचा फ्लू २०२३ च्या ऑक्टोबरात साउथ जॉर्जियात पोचला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिक द्वीपकल्पावर. ‘‘आज कोणीही उतरणार नाही,’’ तो म्हणाला. एका सहप्रवाशाने तिकिटाची किंमत मोठ्याने ऐकवली. खोटे कशाला बोलू, माझ्याही मनात तोच आकडा आला होता. रंग न दिलेल्या भिंती डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या.

त्या दुपारी होड्या नुसत्याच पाण्यावर हिंडल्या. इंजिन बंद केले. जुना पितळी पंप सुटावा तसा एक मोठा सुस्कारा ऐकू आला, आणि वीस हातांवर कुबड्या देवमासा वर आला. त्याच्यामागे दुसरा. श्वासाला कुजक्या मासळीचा वास होता. शेपूट उचलून तो खाली गेला तेव्हा तिच्या पोटाकडची काळीपांढरी नक्षी दिसली. ही नक्षी प्रत्येकाची वेगळी, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. १९६३ साली या दक्षिण समुद्रात त्याच्या शिकारीला बंदी झाली, तेव्हा फारच थोडे उरले होते. आता ते पुन्हा मोठ्या संख्येने दिसतात. त्या टाक्या मला आठवल्या. होडीत कोणी बोलत नव्हते. सकाळी भांडलेला गृहस्थसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पोर्ट लॉकरॉयला गेलो. १९४४ सालचे ब्रिटिशांचे ठाणे, आता वस्तुसंग्रहालय आणि टपालघर. तिथून मी लेकीला कार्ड टाकले: ‘‘तुझ्या प्रश्नाचे उत्तर मिळालेले नाही. काल आम्हांला किनाऱ्यावरून परत पाठवले. ते योग्यच होते. एवढेच कळले.’’

मी फेब्रुवारीअखेर घरी पोचलो. कार्ड आले ते आषाढात, भर पावसात, एक कोपरा भिजून. लेकीने ते दोनदा वाचले, टेबलाच्या काचेखाली सरकवले आणि म्हणाली, ‘‘मग बाबा, पुन्हा जाणार का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘थकबाकी आता उरलीय कुठे!’’ स्वयंपाकघरातून आवाज आला. गच्चीच्या गळतीखाली ठेवलेले पातेले तेवढ्यात भरले होते, ते रिकामे करायला मी उठलो.